ड्रायव्हरच्या बाजूचं दार

देवबाग, ६ जुलै २०२५

सुदेश,

फोनवर तू सख्ख्या बहिणीचा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून टपालाने येतेय. पोस्टमन बंद करायची सोय अजून निघालेली नाही. वास्कोचा पत्ता दिव्याने दिला. बायकोवर चिडू नकोस, मी तिच्या किती मागे लागले असेन ते तुझं तुला कळेल.

कामाचं सांगते. आबांनी गाडी भंगारात द्यायचं ठरवलंय. कणकवलीचा एक भंगारवाला येऊन बघून गेला. टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून हसला, चतुर्थीच्या आधी उचलतो म्हणाला. आबा म्हणाले, "घेवन जा एकदाची. कुसली ती. भितर तळां झालाहा."

तळं झालंय हे खरं आहे. वादळात शेडचे पत्रे उडाले ते कोणी परत घातले नाहीत, गाडी उघड्यावर असते. तू गेल्यावर मी चालवायला शिकले. हसू नकोस. बालवाडीतून निवृत्त झालेली बाई क्लच दाबू शकते. आबांना प्रेशरच्या गोळ्यांसाठी मालवणला मीच नेते. पावसाळ्यात नेताना वळणावर पाणी या बाजूचं त्या बाजूला जातं आणि आबा पाय वर घेऊन बसतात, होडीत बसायचे तसे. पाय असे वर घेतात की मला काय ते समजतं.

भंगारवाल्याला मी सांगितलं, गाडी द्यायची नाही. आबा म्हणाले, गाडी माझ्या नावावर आहे. मी म्हटलं, मग चतुर्थीपर्यंत थांबा, तोवर कोरडी करून दाखवते. नाही झाली तर माझ्या देखत न्या.

माझ्या मनात काय आहे तेही सांगून टाकते, लपवाछपवी मला जमत नाही. गाडी कोरडी करायची आणि चतुर्थीला त्याच गाडीतून तू गणपती घरी आणायचास. मला दोन्ही हवंय, एकावर भागवून घेणार नाही. बांद्यावरून पुढे आलं की घर आहे, आणि तू इतकी वर्षं बांद्यावरूनच परत फिरतोस. दिव्याच्या माहेरचं लग्न होतं तेव्हाही.

हे पत्र आबांना माहीत नाही.

तुझी बाय


देवबाग, १४ जुलै २०२५

सुदेश,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंच नव्हतं.

सगळ्या सीटा काढल्या. एक बोल्ट निघेना म्हणून खोबरेल तेल घालून रात्रभर ठेवला, सकाळी लाजत लाजत निघाला. खालचं मॅटिंग उचललं तर त्याच्याखालचा स्पंज चिंब, आणि वास सुक्या जवळ्यासारखा असा की शेजारच्या शेवंतीकाकूने विचारलं, "विमल, गोलमो खंय वाळत घातलंस गो?" सीटखाली तुझा निळा कंगवा मिळाला, आपल्याकडे राहायला येणाऱ्या पर्यटकांच्या केसांच्या पिना, आणि एक खेकडा. मेलेला नाही, चांगला जिवंत. मी मागे सरले, तो पुढे आला. शेवटी झाडूने बाहेर काढला.

तळाचा पत्रा मात्र अजून धड आहे. दोन ठिकाणी गंजलाय, पण आरपार नाही. आबांना बोलावून दाखवलं. त्यांनी बोटाने टकटक करून पाहिलं, होडीची फळी बघतात तसं, आणि काही न बोलता गेले. म्हणजे धड आहे.

मग पायसला बोलावलं. तुझा पायस, धुरीवाड्यातला, आता पोट सुटलंय आणि गॅरेजला मोठी पाटी लागलीय. त्याने काचेकडे बघितलं आणि लगेच सांगितलं, "विमलबाय, पुढच्या काचेचो रबर मेलो. ह्येच्यातसून येता पाणी." रबर खरंच सुकून कडक झाला होता. त्याने काच उतरवून नवा बसवला, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, आता दर्यात घाल.

पायसने तुझं विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. मग तोच आबांचं काढून म्हणाला, "त्या दिवशी मी थंयच होतंय. धोंडूकाकान तसां बोलूक नको होतां."

मला ते अजून कानात ऐकू येतं. चतुर्थीचा दुसरा दिवस, ओटीवर अर्धी वाडी, आरती झालेली. तू पाहुण्यांना कुडाळच्या स्टेशनवर सोडून आलास आणि कोणीतरी बोललं की गाडीत बसलो तर लेंगा भिजला. आबा उठले, सगळ्यांना घेऊन गाडीकडे गेले, पुढचं दार उघडलं आणि तू बसवलेल्या स्पीकरच्या जाळीतून गळणारं पाणी दाखवलं. "बघा, गाणी आयकूक झिलान दारांक भोकां पाडल्यान." आणि मग ते वाक्य. "ज्येका गाडी सुकी ठेवक जमना नाय, तो घर काय राखतलो?"

तू मान खाली घालून उभा होतास. त्याचाच मला राग आला होता, की हा काहीच का बोलत नाही. आता वाटतं, तुलाही तेव्हा खरंच वाटलं असेल की चूक तुझीच. डोळ्यांदेखत तुझ्याच भोकातून पाणी येत होतं, बोलणार काय?

टपालाची तिकिटं संपली होती. सकाळी टेबलावर नवी सापडली. कोणी आणली ते विचारू नकोस.

बाय


देवबाग, २५ जुलै २०२५

सुदेश,

पायसचा रबर झकास आहे आणि गाडी ओलीच आहे.

दोन दिवस जोराचा पाऊस झाला. पुढच्या काचेतून थेंबही आला नाही, हे पायसचं श्रेय त्याला देते. पण तळाशी पुन्हा पाणी. मी फोन केला तर म्हणतो, छपराचा सांधा असेल. छपराचा सांधा त्याने भरला. पुन्हा पाणी. मग म्हणतो, "बाय, जुनी गाडी आणि जुनो माणूस, खंयसून गळात सांगूक येना नाय." मी म्हटलं, माणसाचं राहू दे, गाडीचं मी शोधते.

तुला माहीत आहे, एखादी गोष्ट मला कळली नाही की मला जेवण जात नाही. गाडी आतून पुसून सुकवली, पंखा लावला. मग दारांच्या खाली, पेडलांच्या मागे, मागच्या सीटच्या जागेवर, सगळीकडे रांगोळी चाळणीने भुरभुरवली. कोरड्या रांगोळीवर पाण्याचा एक थेंब जरी चालला तरी वाट दिसते. मग नळी घेऊन खालून वर एकेक भाग भिजवायला घेतला. आधी चाकाजवळ, मग दार, मग काच, मग छप्पर. सगळं एकदम भिजवलं असतं तर काही कळलं नसतं.

चाकाजवळ काही नाही, दारावरही नाही. मग ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर पाणी सोडलं. काचेवरून ते खाली दाराच्या पोटात जातं, ते सगळ्याच गाड्यांत जातं म्हणे. सोडत राहिले. बराच वेळ काही नाही. आणि मग स्पीकरच्या जाळीतून एक धार आली, रांगोळीवरून सरळ खाली.

आबा ओटीवर खुर्चीत होते. मला वाटत होतं पेपर वाचतायत. तिथूनच म्हणाले, "बघलंस? तेच्याच भोकातसून."

सुदेश, त्या वेळी मी नळी टाकून दिली. इतकं करून मी काय सिद्ध केलं, तर आबा बरोबर होते आणि तू चुकलास. ओल्या अंगाने पायरीवर बसून मी रडले, हे तुला सांगायला मला लाज नाही वाटत. तुला निर्दोष सोडवायला निघाले आणि साक्ष तुझ्याच विरुद्ध दिली.

आबा आतून टॉवेल घेऊन आले. माझ्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "पूस. सर्दी होतली." तिकिटं त्यांनीच आणलीत, हे आता सांगते. मी कोणाला लिहिते ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोस्टमन आपलाच आहे, कसलीच गोष्ट त्याच्या पोटात राहत नाही.

पण एक गोष्ट मला टोचतेय. नंतर रात्री पाऊस पडला तेव्हा मागच्या सीटच्या जागीही ओलं झालं, आणि मागच्या दारांना तू स्पीकर बसवलेच नव्हतेस. पायस म्हणतो, पाणी पुढून मागे जातं. कदाचित जात असेल. पण मागच्या रांगोळीत वाट उमटलीय ती मागच्या दारातून सुरू होते.

मी सोडलेलं नाही.

बाय


देवबाग, ३ ऑगस्ट २०२५

सुदेश,

सापडलं. बसून वाच.

कोल्हापूरचं एक जोडपं आलंय राहायला, खास पाऊस बघायला. मुंबईकरांना निदान समुद्र तरी बघायचा असतो, हे दोघं खिडकीत बसून पाऊसच बघतात आणि चहा मागतात. त्यांची गाडी आपल्या गाडीशेजारी उभी होती. मी चहा घेऊन जाताना पाहिलं, त्यांच्या गाडीच्या दारांखालून पाणी ठिबकतंय. चारही दारांच्या खालच्या कडेने, सगळा वेळ. मला आधी वाटलं, यांचीही गळते. त्यांना म्हटलं तर त्या गृहस्थाने माझ्याकडे बालवाडीतल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाला, ताई, दारांना खाली भोकं असतातच. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं.

मी चहाचा ट्रे त्यांच्या बॉनेटवर ठेवला आणि पोतं घालून आपल्या गाडीखाली शिरले.

आपल्या गाडीच्या दारांना एकही थेंब नव्हता. हात फिरवला. भोकांच्या जागी काहीतरी गुळगुळीत आणि टणक लागलं. टॉर्च मारला तर काळपट पिवळी राळ. नखाने खरवडली तर आत पिळलेला कापूस. चारही दारं तशीच. आणि प्रत्येक ठिकाणी राळेवर अंगठा दाबलेला, मधोमध एक उभी रेघ.

तुला सांगायला नको. जाळ्याच्या दोरात सापडल्यापासून आबांचा अंगठा तसा मधून चिरलेला आहे. आपल्या होडीच्या प्रत्येक फळीच्या सांध्यावर ती रेघ होती. लहानपणी आपण दोघं ती मोजायचो.

गाडी विकत घेतली तेव्हा तू मुंबईला होतास, आठवतं? पावसाळ्याआधी आबांनी ती नीट तपासली असणार. खाली भोकं दिसली. तळाला भोक दिसल्यावर आयुष्यभर होडी हाकलेला तांडेल दुसरं काय करणार? मायेने केलं त्यांनी ते, हे मला कळतं. कापूस किती नीट पिळलाय. पण मग पाऊस पडला की दारं भरत राहिली, भरून वर आली, आणि पुढच्या दारात पाण्याला पहिली वाट मिळाली ती तुझ्या स्पीकरची. मागे ते पत्र्याच्या कडेवरून आलं. स्पीकर नसते तरी आलंच असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी भयंकर चिडलेय. दोन दिवस आबांच्या पानात जेवण वाढते आणि बोलत नाही. त्यांना कळेना काय झालं. काल विचारलं, "माका काय सांगूचा आसा?" मी म्हटलं, आहे, पण आज नाही. काल बोलले असते तर ते सगळ्यांसमोर तुला बोलले तसंच मीही बोलले असते, आणि मला ते करायचं नाही. त्यांना दाखवायचंय, त्यांच्याच पद्धतीने.

बाय


देवबाग, ११ ऑगस्ट २०२५

सुदेश,

नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडला. होड्या उतरायला लागल्यात. किनाऱ्यावर बघत बघत येताना मला सुचलं काय करायचं ते.

आबांना हाताला धरून गाडीजवळ आणलं, खुर्ची मांडून बसवलं. विचारलं, "आबा, होडी वर वडल्यार पयलां काय करूचा?"

"कित्याक इचारतंस?"

"सांगा तरी."

"बूच काढूचा." चिडूनच बोलले, कारण हे देवबागात पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. होडी पाण्यात आहे तोवर तळाचं बूच घट्ट, आणि वाळूवर ओढली की बूच बाहेर. नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं, होडी जड होते, फळ्या फुगतात. तू एकदा विसरला होतास तेव्हा आबांनी तुला भर पावसात ती अख्खी होडी नारळाच्या करटीने उपसायला लावली होती.

मी नळी घेतली आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर पाणी सोडलं. म्हटलं, आता खालसून बघा, खंय गळता काय. त्यांनी बघितलं. काही गळत नव्हतं. थोड्या वेळाने स्पीकरमधून धार आली. आबांनी माझ्याकडे बघितलं, मागच्या वेळचंच वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्याआधीच मी बोलले.

"आबा, ही गाडी कधी दर्यात जाता? ही कायमचीच वर वडलेली मां?"

मग मी मागच्या दारापाशी वाकले. तिथली राळ आदल्या दिवशी कडेने सैल करून ठेवली होती. स्क्रूड्रायव्हर घातला आणि ओढला. कापसाचा बोळा निघाला आणि त्याच्या मागून गंजाचं तांबडं पाणी माझ्या पायांवर, त्यांच्या पायांवर, इतका वेळ येत राहिलं की शेवंतीकाकू कुंपणापाशी येऊन उभी राहिली. बोळा मी त्यांच्या हातात दिला. राळेवरची रेघ त्यांनी अंगठ्याने चाचपली.

ते बोळा मुठीत धरून आत गेले, देवासमोरच्या कोनाड्यात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवले नाहीत. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "तू जेव गो. माका जरा पडांदे."

मला वाटलं होतं, दाखवल्यावर मला बरं वाटेल. नाही वाटलं. म्हातारा एवढासा झाला होता अंथरुणात. पण दाखवलं त्याचा पस्तावा नाही. कोणीतरी दाखवायलाच हवं होतं, आणि तू वास्कोला बसून दुसऱ्यांची जहाजं दुरुस्त करतोयस.

बाय


देवबाग, १७ ऑगस्ट २०२५

सुदेश,

हे पत्र आबा समोर बसवून लिहून घेतायत, पण त्यांनी सांगितलेलं तेवढंच लिहीन असं मी कबूल केलेलं नाही.

त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अंथरूण रिकामं. बाहेर आले तर गाडीखालून दोन पाय. पोतं घालून, होडीच्या फटी भरायची ती बोथट छिन्नी घेऊन आबा राळ फोडत होते. या वयात. मी म्हटलं, उठा, मी करते. म्हणाले, "मी बुजयलंय, मीच काढतलंय." एकेक बोळा काढला की हात बाहेर यायचा आणि मी तो घ्यायचा, असं काम चाललं. मध्येच पाठ धरली, तेव्हा ओढून बाहेर काढावं लागलं. चहा घेऊन पुन्हा आत. केसात गंज, दाढीत गंज.

दोन दिवस ऊन-पाऊस खेळत होता. नंतर धो-धो झाला. मी सकाळी मॅटिंगखाली हात घातला, उजवीकडची पुढची जागा सोडून. कोरडं. मागे कोरडं, डावीकडे कोरडं. पायसला बोलावून हात घालायला लावला. तो म्हणाला, "मी सांगलंयच होतंय, रबर मेलो होतो." त्याला चहा दिला आणि घालवला.

भंगारवाला काल आला. मला वाटलं मला भांडावं लागणार. आबाच पुढे झाले, काठी टेकत. "गाडी दिवची नाय. भंगार न्हेवचा आसात तर माका न्हे." तो बिचारा चहासुद्धा न घेता गेला.

आता उजवीकडच्या जागेचं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं बूच आबांनी काढलेलं नाही. मी काढायला गेले तर छिन्नी हातातून ओढून घेतली. मला वाटलं, हट्ट. अजूनही मान्य करायचं नाहीये. रागाने काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात ते म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, त्यांनी तसंच लिहायला सांगितलंय:

"सुदेशाक लिही. मी तेका सगळ्यांसमोर बोललंय, तां घरात बसान मागे घेतलंय तर कोण आयकतलो? चतुर्थीक वाडी येतली. सगळ्यांका गाडीकडे न्हेतलंय, त्या दिशी न्हेलंय तसाच. तेणां आपल्या हातान तां भोक उघडूचा. आणि बुजयलेला कोणी, तां मी सांगतलंय. तेणां काय बोलूक नको. तेणां नुसता उबा रवाचा, मान वर करून."

मग मी विचारलं, आणखी काही? म्हणाले, "स्पीकर चलतत काय बघूक सांग. गाणी माका आवडायची ती."

तुला ठाऊक होतं हे? मला नव्हतं.

गणपतीचा पाट मूर्तिशाळेत देऊन झालाय, मूर्तीला रंग चढतोय. चतुर्थीला सकाळी आणायचा, आणि गाडी तू चालवायचीस. मूर्ती मांडीवर घेऊन आबा शेजारी बसणार आहेत. ती बाजू कोरडी आहे, आता त्यांना पाय वर घ्यावे लागत नाहीत.

पावसाने उघडीप दिलेली नाही. ते दार रोज भरतंय. सकाळी आबांना मालवणला न्यायला मी उघडते तेव्हा आत पाणी डुचमळतं, आणि स्पीकरमधून माझ्या पायावर धार येते. मी दार तसंच लावून घेते आणि गाडी सुरू करते. तू येईपर्यंत माझा उजवा पाय ओला राहणार आहे. चालेल मला.

तुझी बाय